पाखरांचा घास

सुक्कोथचा सण आटोपून प्रार्थनेत पावसाचा उल्लेख सुरू झाला, की आपल्या घराघरांतून हिवाळ्याची तयारी लागते. कपाटाच्या वरच्या फळीवरून गोधड्या आणि रजया खाली येतात, थंडगार फरशीवर सतरंज्या पडतात. ढगाळ दिवशी गच्चीवरच्या दूद शेमेशवर भरवसा ठेवता येत नाही, म्हणून आंघोळीच्या आधी विजेचे बटण दाबण्याची आठवण एकमेकांना करावी लागते. दिमोना, येरुहाम, बेरशेबाकडे रात्रीची कोरडी थंडी हाडांत शिरते, तर लोद, रामले, अश्दोदकडे भिंतींना ओल धरते. डिसेंबरात पाच वाजण्यापूर्वीच काळोख पडू लागतो. कामावर जाणारी माणसे बाहेर असतात, मुले शाळेत असतात, आणि घरातली वडीलधारी मंडळी चहाचा पेला हातात धरून मिर्पेसेतच्या काचेआड बसलेली असतात.

काचेपलीकडे कठड्यावर पाखरे येतात. चिमण्या तर असतातच. होला येतो, बुलबुल येतो, आणि थंडी पडली की उत्तरेकडून आलेला, शेपटी सारखी खालीवर हलविणारा धोबी पक्षी अंगणात धावताना दिसतो. राखी अंगाचा कावळा समोरच्या खांबावर बसून सगळ्यांवर नजर ठेवतो. आजीबाई उठतात, रात्रीचा उरलेला भात किंवा पावाचे तुकडे कठड्यावर टाकतात आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसतात. त्यांचा अर्धा दिवस त्यात सुखाने जातो.

पण हे सुख सगळ्यांना मानवत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या दोरीवरचे धुतलेले कपडे घाण होतात, पारव्यांचे थवे जमतात, जिन्यात उंदीर दिसतात. मग वआद बायितच्या सभेत विषय निघतो. एक पक्ष म्हणतो, मुक्या जिवांना खाऊ घालणे हे पुण्य आहे, त्याला आडवे येणे बरे नव्हे. दुसरा पक्ष म्हणतो, पुण्य करायचे तर आपापल्या घरात करा. अशा सभांतून आवाज चढलेले आम्ही ऐकले आहेत. विषय लहान वाटतो, परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे. दया कोणासाठी करावयाची, आणि आपण करतो ती दयाच आहे हे कशावरून ओळखावयाचे? शब्बाथ शीरा जवळ येत आहे. त्या निमित्ताने या प्रश्नाचा शांतपणे विचार करावा असे आम्हाला वाटते.

शब्बाथ शीरा म्हणजे ज्या शब्बाथला बेशालाह हा पाठ वाचला जातो तो दिवस. तो शवात महिन्यात, म्हणजे बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत येतो. समुद्र ओलांडल्यावर मोशे आणि इस्राएल लोकांनी गाइलेले गीत त्या पाठात आहे, आणि रानात आकाशातून पडलेल्या मान्नाची हकीकतही त्यातच आहे. या दिवशी पाखरांना दाणे घालण्याची चाल युरोपातील यहुदी लोकांत पडली. तिची कारणे निरनिराळी सांगतात. कोणी म्हणतात, समुद्रकाठी पाखरांनीही इस्राएलबरोबर गाणे गाइले, म्हणून त्यांचे आभार मानावयाचे. दुसरी कथा अशी की, शब्बाथला मान्ना पडणार नाही असे मोशेने सांगितले होते, तेव्हा त्याला खोटे पाडण्यासाठी काही दुष्टांनी आदल्या रात्री शेतात मान्ना पसरून ठेवला. पाखरांनी तो पहाटेच टिपून टाकला आणि मोशेचा शब्द खरा राहिला. प्रागचे महारल (मृत्यू १६०९) या दिवशी लहान मुलांना सिनेगॉगच्या अंगणात जमवून ही गाण्याची गोष्ट सांगत आणि पाखरांना घालण्यासाठी त्यांच्या हाती धान्य देत, अशीही परंपरा आहे.

कोकणात आपल्या वाडवडिलांना ही चाल ठाऊक नव्हती. आपली मुले गनमधून आणि शाळेतून ती घरी घेऊन आली. परंतु शवात महिना आपल्याला परका नाही. शब्बाथ शीरा येतो त्याच सुमारास तू बिश्वात येतो, आणि त्या दिवशी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करण्याची आपली रीत आहे. एका घरात आजी पोहे भिजवून त्यात ओले खोबरे आणि साखर मिसळीत असते, आणि नात शाळेतून मिळालेली दाण्यांची पिशवी घेऊन मिर्पेसेतकडे धावते. दोन्ही गोष्टी घासाच्याच आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी संबंध आहे. तो पुढे येईल.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. दाणे घालण्याच्या या चालीला मोठमोठ्या पंडितांनी हरकत घेतली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सतराव्या शतकातील पोलंडचे रब्बी अव्राहाम गोंबिनर यांनी आपल्या ‘मागेन अव्राहाम’ या ग्रंथात लिहिले आहे की, शब्बाथ शीराला पाखरांपुढे गहू टाकण्याची रीत बरोबर नाही. त्यांचा आधार मिश्नाचा आहे. शब्बाथ या प्रकरणात असे सांगितले आहे की, मधमाश्यांपुढे आणि खुराड्यात येऊन-जाऊन राहणाऱ्या रानकबुतरांपुढे शब्बाथला पाणी ठेवू नये. हंस, कोंबड्या आणि घरी पाळलेली कबुतरे यांच्यापुढे मात्र ठेवावे. भेद कशाचा? जी घरची आहेत त्यांचे पोट धन्यावर आहे. जी मोकळी आहेत ती आपला चारा आपण शोधतात. त्यांच्यासाठी शब्बाथच्या दिवशी माणसाने श्रम करण्याचे कारण नाही.

प्रथम ऐकताना हा नियम कोरडा वाटतो. भुकेल्या पाखराला दाणा टाकावयाचा तर आधी ते कोणाचे आहे याची चौकशी कशाला? परंतु जरा खोल पाहिले तर यात फार मोठी गोष्ट सांगितलेली आहे. घास दोन प्रकारचा आहे. एक घास देणे आपल्यावर कर्ज आहे. दुसरा घास आपण आपल्या मर्जीने देतो. माणसाचा स्वभाव असा की, कर्जाचा घास देताना तो चुकारपणा करतो आणि मर्जीचा घास देताना त्याला आपण उदार असल्याचा आनंद होतो. शास्त्र आपले लक्ष प्रथम कर्जाकडे वळविते.

या कर्जाविषयी तालमूदात कडक शब्द आहेत. बेराखोथ या प्रकरणात रव म्हणतात की, आपल्या जनावराला खाऊ घातल्याशिवाय माणसाने स्वतः खाणे मना आहे. याचा आधार शेमाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे, जो आपण रोज म्हणतो. तेथे आधी गुरांसाठी गवताचे वचन आहे आणि मग माणसाने खाऊन तृप्त होण्याचे. यरुशलेमी तालमूद तर त्याही पलीकडे जाऊन सांगते की, खाण्याची तजवीज केल्यावाचून जनावर विकतच घेऊ नये. नोहाविषयी मिद्राशात अशी कथा आहे की, तारवात एकदा सिंहाला खाणे देण्यास त्याला उशीर झाला, तेव्हा सिंहाने त्याला मारले. रानात सिंहाला कोणी खाऊ घालीत नाही, आणि त्याबद्दल कोणाला दोषही लागत नाही. पण तारवाचे दार बंद झाले, सिंहाची शिकार बंद झाली, आणि त्याच क्षणी त्याचे पोट नोहावर आले.

ही गोष्ट आपल्या लोकांना ग्रंथातून शिकण्याची गरज नव्हती. कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. आपल्या घाण्यावर बैल होता. डोळ्यांना झापड बांधलेला तो बैल दिवसभर एकाच वाटोळ्या वाटेने फिरे. त्याला ना चरायला मोकळीक होती, ना सावलीत बसायला. म्हणून त्याची वैरण, त्याची पेंड, त्याचे पाणी हा धन्याचा धर्म होता. आणि शनिवारी घाणा बंद राही तेव्हा विसावा धन्यालाच मिळे असे नाही, बैलालाही मिळे. दहा आज्ञांत शब्बाथचा विसावा गुराढोरांनाही सांगितलेला आहे. ज्याचे स्वातंत्र्य आपण घेतले, त्याच्या भुकेची जबाबदारीही आपण घेतली. आमच्या मते पाखरांच्या सगळ्या प्रश्नाची किल्ली या एका वाक्यात आहे.

मग कठड्यावर येणाऱ्या चिमणीचे काय? तिचे स्वातंत्र्य आपण घेतलेले नाही. तिला चोच देणाऱ्याने तिच्यासाठी चाराही ठेवला आहे. तेहिलीममधील जी स्तोत्रे आपण रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हणतो, त्यांत ओरडणाऱ्या कावळ्याच्या पिलांनासुद्धा परमेश्वर खाऊ घालतो असे सांगितले आहे. तेव्हा आपण दाणे टाकतो ते नेमके कोणासाठी?

या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देणारा एक थोर पंडित होऊन गेला. ‘आरूख हाशूल्हान’ या ग्रंथाचे कर्ते रब्बी येहिएल मिखेल एप्स्टाइन (१८२९ ते १९०८) यांनी शब्बाथ शीराच्या चालीचा बचाव केला. इस्राएल लोकांची रूढी हलकी मानू नये असे त्यांचे म्हणणे. पण त्यांनी दिलेले कारण लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हे श्रम आपण पाखरांसाठी करीतच नाही, आपण ते आपल्यासाठी, त्या गाण्याच्या आनंदाची आठवण म्हणून करतो. चाल सोडा असे त्यांनी सांगितले नाही. तिला पाखरांवरील उपकार मात्र म्हणू नका, एवढेच त्यातून समजावयाचे.

आपल्या आया लहान मुलाला भात भरविताना एक घास काऊचा म्हणत आणि एक घास चिऊचा म्हणत. काऊ आणि चिऊ खिडकीत बसून पाहत. घास मुलाच्या पोटात जाई. नाव पाखराचे, पोट आपले. मिर्पेसेतल्या आजीबाईंचेही असेच आहे. त्या भात टाकतात तो पाखरांच्या नावाने, पण त्यातून त्यांच्याच एकटेपणाला घास मिळतो. मुले दूर राहतात, सोबतीचा माणूस राहिलेला नाही, शेजाऱ्यांशी बोलावे तर हिब्रू अडखळते. सकाळी आठ वाजता ठरलेल्या वेळी कोणी तरी आपल्याकडे येते, आपली वाट पाहते, एवढ्या आधारावर माणूस पुष्कळ दिवस काढतो. याला आम्ही दोष देत नाही. उलट घरच्या मंडळींनी यातून काय ते समजून घ्यावे. ज्या घरात आईला चिमण्यांशी बोलावे लागते, त्या घरात कोणाचा तरी कर्जाचा घास थकला आहे. भाकरी पोहोचते, औषध पोहोचते, पण सोबतीला अर्धा तास बसणे हाही एक घासच आहे, आणि तो कोणत्याही कठड्यावर टाकून फिटत नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही तर दयेलाच कुंपण घातले. आपल्या घरच्यांना द्या आणि बाकीच्यांकडे पाठ फिरवा, असाच याचा अर्थ झाला. तसा अर्थ नाही. याचे उत्तर बाबा मेत्सिया प्रकरणातील रब्बी येहूदा हानासी यांच्या हकीकतीत आहे. एक वासरू कापायला नेत असताना ते निसटून त्यांच्या झग्यात डोके खुपसून रडू लागले. त्यांनी त्याला परत जाण्यास सांगितले, कारण त्यासाठीच ते निर्माण झाले होते. शब्द खोटा नव्हता, पण त्यात दया नव्हती, आणि त्यानंतर कित्येक वर्षे त्यांनी दुखणे भोगले. पुढे एके दिवशी घरची मोलकरीण झाडताना कोपऱ्यातील रानटी प्राण्याची पिले झाडून टाकू लागली. रब्बींनी तिला थांबविले आणि परमेश्वराची करुणा त्याच्या सर्व कृतींवर आहे याची तिला आठवण दिली. तेव्हा त्यांचे दुखणे गेले. ती पिले त्यांची नव्हती. त्यांचे पोट रब्बींवर नव्हते. तरीही दया त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे होती.

पण येथे एक बारकावा पाहावा. रब्बींनी त्या पिलांसाठी काय केले? त्यांना ताटात वाढले नाही, गळ्यात पट्टा बांधला नाही. त्यांना होती तेथे राहू द्या, एवढेच सांगितले. जो आपल्या आधीन नाही त्याच्यावरची दया पुष्कळदा अशीच असते. त्याला काय हवे ते आधी पाहावयाचे, आणि काही नको असेल तर हात आवरावयाचा. देणाऱ्याच्या समाधानावरून दया मोजू नये, घेणाऱ्याचे बरे झाले की नाही यावरून मोजावी.

या मापाने आपल्या कठड्याकडे पाहू. पावाच्या तुकड्यांनी पाखराचे पोट भरते, पण त्यातून पोषण थोडेच मिळते, आणि बुरशी आलेला किंवा खारट तुकडा तर अपायच करतो. शिळा पाव कचऱ्यात टाकण्याचे आपल्या लोकांच्या जिवावर येते. म्हणूनच कचरापेटीच्या कडेला पावाच्या पिशव्या टांगलेल्या जिकडेतिकडे दिसतात. भावना चांगली आहे, पण शिळ्या पावाची विल्हेवाट लावण्यासाठी पाखराचे पोट ही जागा नव्हे. लागतो तेवढाच पाव आणणे हे जास्त धर्माचे होईल. रोज एकाच न धुतलेल्या जागी दाणे पडले की तेथे रोग पसरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून बागांतील ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यांमध्ये घशाच्या रोगाची साथ पसरून त्यांची संख्या फार घटली. लोकांनी प्रेमाने ठेवलेल्या दाण्यापाण्याच्या जागी ती पाखरे दाटीने जमत, आणि रोग एकाकडून दुसऱ्याकडे जाई.

आपल्याच देशातील हुला खोऱ्याचे उदाहरण तर विचार करायला लावणारे आहे. तेथील दलदल १९५० च्या दशकात सुकविण्यात आली. पुढे १९९४ मध्ये तिचा काही भाग पुन्हा पाण्याखाली आणला गेला, आणि हिवाळ्यात आफ्रिकेकडे जाणारे क्रौंच पक्षी, ज्यांना हिब्रूत अगूर म्हणतात, तेथे हजारोंनी थांबू लागले. ते शेतकऱ्यांच्या भुईमुगावर तुटून पडत, म्हणून एका ठरावीक जागी ट्रॅक्टरने त्यांना मका घालण्याची व्यवस्था झाली. शेतकरी वाचला, पाखरेही जगली, पाहायला येणारे लोक खूष झाले. पण पोटाची सोय झाली तशी पुढचा प्रवास सोडून तेथेच हिवाळा काढणारे क्रौंच वाढत गेले. डिसेंबर २०२१ मध्ये बर्ड फ्लूची साथ आली आणि पाच हजारांहून अधिक क्रौंच तेथे मेले. रोग विषाणूचा, पण एवढे थवे एका जागी दाटलेले असले की तो पसरायला वेळ लागत नाही. आता मका एकाएकी बंद करावा तर पाखरे उपाशी राहतील आणि शेतेही जातील. मोकळ्या जिवाला सवय लावली की तो हळूहळू नोहाच्या तारवात येतो. मग दार उघडे असले तरी त्याचे पोट आपल्यावर असते.

आणखी एक गोष्ट. हिवाळ्यात पाखरांना दाणे घालण्याची चाल प्राग आणि पोलंडच्या बर्फातून आली. तेथे जानेवारीत जमीन गोठते, किडा मिळत नाही, बी मिळत नाही. तेथे दाणा म्हणजे खरोखरच जीव. आपल्या एरेत्झ इस्राएलमध्ये जानेवारी हा पावसाचा आणि हिरवळीचा महिना आहे. शवातमध्ये बदामाला फुले येतात, नेगेवच्या उतारांवरदेखील गवत उगवते. येथील पाखराचा कठीण काळ तामूज आणि आवमध्ये येतो, जेव्हा महिनोन्‌महिने आभाळातून थेंब पडत नाही. त्या वेळी सावलीत ठेवलेले, रोज घासून धुतलेले पाण्याचे पसरट भांडे हे शवातच्या पोतंभर दाण्यांपेक्षा जास्त मोलाचे आहे. पण उन्हाळ्यात आपण खिडक्या लावून मझगान चालू करतो, आणि पाखराची आठवण आपल्याला थंडीत गोधडी पांघरल्यावर येते. आपल्या दयेचे पंचांग आणि पाखराच्या गरजेचे पंचांग जुळत नाही, याचे कारण आपण आपल्या मनाकडे पाहून दया करतो.

आता साळुंकीविषयी बोलणे भाग आहे, कारण आपल्या मंडळींचे तिच्यावर विशेष प्रेम आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी तेल अवीवमधील यारकोन पार्कच्या परिसरात साळुंक्या मोकळ्या सुटल्या आणि आता देशभर झाल्या आहेत. आपल्या गावच्या विहिरीवर, मुंबईच्या चाळीच्या गॅलरीत पाहिलेले तेच पिवळे डोळे, तोच ऐटीचा चालण्याचा ढंग. म्हाताऱ्या माणसाला ती दिसली की माहेरचे कोणी आल्यासारखे वाटते. परंतु जाणकार सांगतात की ही साळुंकी झाडाच्या ढोलीसाठी येथल्या पाखरांशी भांडते, चिमणीला आणि हुदहुदला हुसकावते. आपण जिला दुखीफत म्हणतो ती हुदहुद २००८ पासून इस्राएलचा राष्ट्रीय पक्षी आहे.

यावर काही जण दुखावून म्हणतात, आम्हीही भारतातून आलो, मग आम्हीही उपरे का? आमचे उत्तर सरळ आहे. माणूस आणि पाखरू यांची अशी तुलना कोणी करू नये, आणि कोणी आपल्याविषयी केली तर ती आपण ऐकून घेऊ नये. आपण येथे आलो ते आपल्या पूर्वजांच्या भूमीत, आपल्या इच्छेने आणि आपल्या हक्काने. साळुंकीला मात्र माणसाने पिंजऱ्यात आणले आणि मग ती सुटली. तिचा यात काही गुन्हा नाही, तेव्हा तिच्यावर दगड उगारण्याचे कारण नाही. पण केवळ ती आपल्या मुलखातली म्हणून तिला निवडून खाऊ घालणे, आणि तिच्या जोरापुढे येथल्या चिमणीची ढोली गेली तरी डोळेझाक करणे, हे दयेचे काम नव्हे. ती आपल्या आठवणीची माया आहे. माया वाईट नाही, पण तिचा खर्च दुसऱ्याच्या घरट्यावर टाकू नये. खालच्या मजल्यावरील बाईंच्या कपड्यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. आपल्या पुण्याची धुलाई शेजाऱ्याने करावी हे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

हे सर्व वाचून कोणाला वाटेल की, मग शब्बाथ शीराचे दाणे बंदच करावेत. आमचे तसे म्हणणे नाही. आता सुरुवातीला उल्लेखिलेल्या मलिद्याकडे येऊ. ज्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण ते ताट करतो, त्या नबीची कथा सर्वांना ठाऊक आहे. दुष्काळात परमेश्वराने त्याला करीथ ओहोळाकाठी पाठविले, आणि तेथे कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि मांस आणून देत. कावळा हा तोरातील अशुद्ध पक्ष्यांच्या यादीतला पक्षी. कोणाला काही देण्याबद्दल त्याची ख्याती नाही. तरी एवढ्या मोठ्या नबीने त्याच्या चोचीतला घास घेतला. पुढे ओहोळ आटला, तेव्हा सारफथच्या एका गरीब विधवेने आपल्या मूठभर उरलेल्या पिठातून आधी त्याची भाकरी भाजली. आपण ज्याची इतक्या भक्तीने वाट पाहतो, तो नबी स्वतः दुसऱ्याच्या घासावर जगलेला आहे.

म्हणून दाणे टाकताना आपण वरचे आणि पाखरू खालचे, आपण दाते आणि ते याचक, अशी भावना मनात राहू नये. मान्ना आकाशातून पडला तेव्हा आपले पूर्वज चिमण्यांसारखेच रोजच्या रोज टिपून खात होते आणि उद्यासाठी साठविलेला सडत होता. त्याच पाठाच्या दिवशी आपण पाखरांपुढे दाणे टाकतो. त्या दिवशी मुलांना एवढे सांगितले तरी पुरे की, आपणही कधी काळी कोणाच्या तरी हातून खाल्ले आहे, आणि आजही खात आहोत.

तेव्हा वाचकहो, आमची विनंती थोडक्यात अशी. शब्बाथ शीराचे दाणे मुलांच्या हातून शुक्रवारी दुपारीच टाकावे, म्हणजे शास्त्राचाही मान राहील. मूठभर टाकावे, ज्वारी, बाजरी किंवा तांदूळ टाकावे, पाव टाकू नये, आणि खालच्या दोरीवर कपडे नाहीत हे आधी पाहावे. रोज घालण्याची सवय असेल तर जागा स्वच्छ ठेवावी, आणि बंद करावयाचे झाले तर हळूहळू कमी करावे. उन्हाळा आला की पाण्याचे भांडे विसरू नये. घरात पिंजऱ्यातला पोपट असेल, मांजर किंवा कुत्रा असेल, तर आपल्या आधी त्याचे ताट भरावे. आणि या सर्वांच्या आधी ज्या माणसांचे पोट आणि ज्यांची सोबत आपल्यावर आहे, त्यांच्याकडे त्या आठवड्यात एकदा जाऊन बसावे. मलिद्याचे ताट नेले तर फारच उत्तम. खिडकीपाशी दोन खुर्च्या ठेवाव्यात. पाखरे आली तर दोघांनी मिळून पाहावीत, न आली तरी हरकत नाही.

सर्व वाचकांना शब्बाथ शीरा आणि तू बिश्वातच्या शुभेच्छा.